माचणूरची फेरी : किल्ल्यापासून बाभूळबनातून भीमेच्या काठापर्यंत

काळी माती (धागाकर्ता)

सोलापुरात घरी पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर एक प्रश्न हमखास निघतो. जवळपास कोठे चालायला जाता येईल, जेथे झाडीही असेल आणि पाणीही? सिद्धेश्वर वनविहारात झाडी आहे, पण नदी नाही. हिप्परग्याला पाणी आहे, पण तो तलाव आहे. नान्नजला माळढोकाचे माळरान आहे आणि तेथे जाऊन झाडे शोधणाऱ्याने माळरान म्हणजे काय हेच समजून घेतलेले नाही, असे मी म्हणेन. गेली काही वर्षे या प्रश्नाला माझे उत्तर माचणूर हेच आहे. चढ नाही, वाट चुकण्याची भीती नाही, आणि निघालो तेथेच परत येतो. रमतगमत चालले तरी दीड तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही.

सोलापुरातून मंगळवेढ्याच्या रस्त्याने निघावे. तिऱ्ह्याला सीना ओलांडली की पुढे कामती, मग बेगमपूर आणि बेगमपुराशेजारच्या पुलावरून भीमा ओलांडली की माचणूर. अंतर साधारण चाळीस किलोमीटर भरते. स्वतःचे वाहन नसेल तर मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या एसटीने फाट्यावर उतरून चालत जाता येते. सकाळी साडेसहापर्यंत पोहोचावे, कारण आपल्याकडे नऊनंतरचे ऊन हिवाळ्यातही हसत नाही.

फेरीची सुरुवात मी किल्ल्यापासून करतो. मोगलांची मुख्य छावणी शेजारच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे होती आणि औरंगजेबाने त्या जागेचे नाव इस्लामपुरी असे ठेवले होते. हिंदुस्थानच्या बादशहाने चार वर्षे ज्या नदीच्या काठी काढली, त्या नदीकडे पाहताना ही गोष्ट माहीत असावी, एवढ्याचसाठी ती येथे सांगितली. किल्ल्याची पडझड बरीच झाली आहे, त्यामुळे बुरुजांच्या कडेवर मुलांना उभे करून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. दरवाजातून आत जाऊन, तटाच्या सावलीने पुढे सरकून बाहेर पडले की शिवारातली गाडीवाट लागते. तिच्या दोन्ही बाजूंना बाभळी, मधूनमधून कडुनिंब आणि करंज, आणि बांधांवर तरवडाची पिवळी फुले. ही वाट हळूहळू नदीकडे उतरते आणि उतार इतका सौम्य आहे की आपण उतरत आहोत हे पाण्याचा गारवा चेहऱ्याला लागल्यावरच कळते.

काठावर पोहोचल्यावर पाणी एका हाताला ठेवून मंदिराच्या दिशेने चालत जायचे. काही अंतर वाळूमिश्रित मातीचे आहे, काही अंतर काळ्या दगडांचे. शेवटी सिद्धेश्वर मंदिराचा घाट येतो. पायऱ्या चढून देवळात जायचे आणि तेथून गाडीपर्यंत. पात्रातच जटाशंकराचे छोटे देऊळ आहे, त्याच्याविषयी पुढे लिहितो, कारण या फेरीत ते माझे घड्याळ आहे.

येथून पुढचा भाग कृपया लक्षपूर्वक वाचावा. या फेरीचा वरचा अर्धा भाग बारमाही आहे. खालचा अर्धा भाग, म्हणजे काठाने घाटापर्यंत जाणारा, कधी असतो आणि कधी नसतो. माचणूरला नदीचा काठ कोठे असेल हे आभाळ ठरवत नाही. ते वरच्या अंगाला भीमेवर असलेल्या उजनी धरणावर ठरते, आणि आभाळ निरभ्र असताना, एप्रिलच्या टळटळीत उन्हातही ठरते.

मला हे ऐकून ठाऊक होते, पण पटले ते एका उन्हाळ्यात. पात्र जवळजवळ कोरडे होते, डबक्यांत तेवढे पाणी. मी घाटाच्या अलीकडे एका पसरट दगडावर बसून शेंगाचटणी आणि भाकरी खात होतो. चपला काढून खालच्या दगडावर ठेवल्या होत्या. आधी वास आला, ओल्या मातीचा, जणू दूर कोठे पाऊस पडला असावा. मग पात्राच्या मधल्या खोलगट भागातून एक तपकिरी जीभ हळूहळू पुढे येताना दिसली. तिच्या टोकाला फेस होता, वाळक्या शेंगा होत्या, पानांचा चुरा होता, एक रबरी चेंडू होता. ती धावत नव्हती, लहान मूल रांगावे तशी येत होती. तापलेल्या वाळूत पाणी शिरताना बारीक बुडबुडे उठत होते आणि वाळूतले मुंगळे दगडांवर चढत होते. मी ते कौतुकाने पाहत राहिलो, आणि भाकरी संपवून खाली पाहिले तेव्हा डाव्या पायाची चप्पल तरंगत होती. पाणी घोट्याएवढेच होते, जिवाला धोका काही नव्हता. परंतु मी ज्या वाटेने आलो होतो ती वाट दोन ठिकाणी पाण्याखाली गेली होती आणि मला काट्यांतून, एका चपलेवर, वर चढून शेतातून परत जावे लागले.

तेव्हापासून माझा नियम असा आहे: जटाशंकराच्या देवळापर्यंत कोरड्या पायाने जाता येत असेल तरच काठाची वाट धरावी. देवळाला पाण्याचा वेढा असेल तर आल्या वाटेने बाभळीतून परत फिरावे आणि घाटावर वरच्या बाजूने, देवळातून उतरावे.

श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र या दिवशी येथे मोठी गर्दी असते. चालायला म्हणून यायचे असेल तर ते दिवस सोडावेत. आपले अनुभव आणि दुरुस्त्या अवश्य लिहाव्यात.

अनवाणी

लेख आवडला, मात्र धाग्याच्या शोधखुणांत तुम्ही 'जंगल' हा शब्द घातला आहे त्याला माझी हरकत आहे. नदीकाठच्या बाभळींना आमच्या गावी कोणी जंगल म्हटले तर म्हातारी माणसे तोंडाला पदर लावून हसतील. ते बाभळीचे बन आहे. शीर्षकात तुम्ही 'बाभूळबन' लिहिले आहे, तेच योग्य.

दुसरे असे, की त्या वाटेवर दोन प्रकारच्या बाभळी आहेत आणि त्यांतला फरक चालणाऱ्याला माहीत असावा. देशी बाभळीची फुले गोल, पिवळ्या गोंड्यासारखी असतात आणि शेंग दाण्यादाण्यांशी आवळलेली, माळेसारखी दिसते. वेडी बाभूळ ही बाहेरून आलेली. तिचे फूल लांबट, फिकट, कणसासारखे लोंबते आणि तिची शेंग बरीचशी सरळ असते. देशी बाभळीखाली सावली विरळ असली तरी गवत वाढते, शेळ्या बसतात, माणूस बसतो. वेडी बाभूळ मात्र जमिनीपासूनच फांद्या फोडत जाळी करते आणि वाट गिळते. तुमच्या गाडीवाटेचा जो भाग गेल्या काही वर्षांत अरुंद झाला असेल, तो तिनेच केला आहे असे समजा.

काटा दोहींचा सारखाच निर्दय. स्पंजच्या चपलेतून तो आरपार जातो आणि टोक आत मोडते. माझे टोपणनाव वाचून कोणी फसू नये, त्या वाटेवर मी जाड तळाचे बूट घालतो.

गुडघे आणि मी

माझ्या आईचे वय बहात्तर आहे. सपाट रस्त्यावर ती तासभर सहज चालते, पण पायऱ्या उतरताना तिचा गुडघा कुरकुरतो. तिला ही फेरी झेपेल का? आणि पाणी कमी आहे की जास्त हे घरून निघण्याआधी कळण्याचा काही मार्ग आहे का? चाळीस किलोमीटर जाऊन देवळाला वेढा पाहायचा आणि परतायचे, हे तिच्या बाबतीत मला नको आहे.

काळी माती

आईंना घेऊन जाताना फेरी उलटी करू नका. घाटाच्या पायऱ्या चढणे गुडघ्याला उतरण्यापेक्षा सोपे जाते आणि आम्ही सांगितलेल्या दिशेने गेल्यास त्या चढायच्याच असतात. पायऱ्या दगडी आहेत, काही झिजलेल्या आहेत आणि पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. तेथे त्यांचा हात धरावा. पाऊस पडून गेल्यानंतरचे तीन-चार दिवस मात्र टाळा. आपली काळी माती चपलेला एकदा चिकटली की पावलागणिक एक-एक थर चढतो, दहा पावलांनंतर पायाला वीट बांधल्यासारखे होते, आणि घसरण्याची भीती वेगळीच. गुडघा दुखणाऱ्या माणसाला ती सर्वांत वाईट.

पाण्याच्या अंदाजाबद्दल माझ्यापेक्षा जाणकार मंडळी येथे आहेत.

पाणकावळा

उजनीच्या बातम्या मी रोज वाचतो (घरच्यांच्या मते हे व्यसन आहे), म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

धरणातून पाणी किती सुटले हा आकडा एकटा वाचून उपयोग नाही, ते कोठे सुटले हे वाचावे लागते. उजनीचे पाणी मुख्य कालव्यात जाते, भीमा-सीना जोडकालव्याच्या बोगद्यात जाते, उपसा सिंचन योजनांना जाते आणि नदीतही जाते. माचणूरशी संबंध फक्त नदीचा. बोगद्यातले पाणी सीनेला मिळते आणि सीना भीमेला भेटते ती माचणूरच्या बरीच खाली, हत्तरसंग कुडलला. तेव्हा 'बोगद्यातून विसर्ग वाढवला' ही बातमी वाचून माचणूरचा बेत रद्द करण्याचे कारण नाही. उलट 'वीजनिर्मितीसाठी १६०० क्युसेक' असा उल्लेख दिसला तर ते पाणी नदीतच येते हे लक्षात घ्यावे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, त्यावरून हिशेब करा.

उन्हाळ्यातले पाणी, ज्याने तुमची चप्पल नेली, ते बहुधा सोलापूरच्या पिण्याचे असावे. शहराला उजनीहून थेट जलवाहिनी आहेच, पण टाकळीच्या उपसा केंद्रासाठी औज बंधारा भरावा लागतो आणि तो भरण्यासाठी नदीत आवर्तन, म्हणजे ठरावीक काळ पाणी, सोडले जाते. म्हणजे आपण शहरात नळ कधी येणार म्हणून ओरडतो, तेव्हा ते पाणी माचणूरच्या दगडांवरून आपल्याकडेच येत असते. आवर्तनाची बातमी सर्व वृत्तपत्रांत येते, पण पाणी पोहोचायला काही दिवस लागतात. वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) आहेत की काढले आहेत, वाळू किती तापली आहे, यावर वेग बदलतो. त्यामुळे आवर्तन सुरू आहे असे कळले तर ते संपेपर्यंत खालची वाट नाहीच, असे धरावे.

उजनीची पातळी उणे झाली, असे उन्हाळ्यात वाचून अनेकांना वाटते की आता नदीत पाणी येणार नाही. तसे नाही. उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्याच्याखाली ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे. उणे म्हणजे हा मृतसाठा वापरायला सुरुवात झाली. त्यातूनही पिण्यासाठी नदीत पाणी सोडले जाते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट आहे. उजनीचे दरवाजे बंद असले तरी नीरेवरच्या वीर धरणातून पाणी सुटले की ते नरसिंहपूरच्या संगमावर भीमेत येते आणि तो संगम उजनीच्या खाली आहे. सर्वांत सोपी खूण पंढरपूरची. चंद्रभागेच्या वाळवंटात पाणी आले किंवा पुंडलिकाच्या मंदिराला वेढा पडला अशी बातमी आली, की तेच पाणी पुढे माचणूरला येणार. अशा वेळी जटाशंकराचे देऊळ दिसेल की नाही हाच प्रश्न असतो.

पक्ष्यांविषयी दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. हिवाळ्यात पाणी संथ आणि उथळ असताना काठावर शेकाट्या, धोबी आणि टिटव्या असतातच. नशीब असेल तर चक्रवाकाची भगव्या रंगाची जोडी दिसते. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगड टाकावा तसा खाली पडतो. ते पाहण्यासाठी दहा मिनिटे गप्प बसावे लागते, आणि सोलापुरी माणसाला या फेरीत तेवढेच एक अवघड आहे.

ऐलतीर

माझे शेत भीमेच्या काठी आहे, माचणूरपासून फार दूर नाही. शहरातली मंडळी चालायला येतात याचा आनंदच आहे. तरी तीन गोष्टी सांगणे भाग आहे.

काठावर शेतीपंप असतात. मोटारीच्या केबली काठाने, कधी गवतातून, कधी ओल्या मातीतून गेलेल्या असतात. जुन्या केबलीला ठिकठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. त्यांवर पाय देऊ नये, त्या हाताने बाजूला करू नयेत, आणि मूल बरोबर असेल तर केबल ओलांडताना त्याला उचलून घ्यावे. पाणी वाढले की आम्ही मोटारी वर ओढतो. काठावर लोकांची मोटारी वर घेण्याची धावपळ दिसली, तर दुसरी कोणतीही बातमी वाचायची गरज नाही, तुम्हीही वर या.

दुसरे, पात्रात उतरू नका. वाळू उपशाने पात्रात जागोजागी खड्डे झाले आहेत. वरून पाणी गुडघ्याएवढे दिसते आणि पुढच्या पावलाला तळ नसतो. पोहता येणारेही तेथे फसले आहेत, कारण खड्ड्याची कड वाळूची असते आणि धरायला गेले की हातात येते. फेरी काठाची आहे, ती काठानेच करावी.

तिसरे, वाट सोडून पिकात शिरू नये. ज्वारी निसवली की कणसाला हात लावून छायाचित्र काढायचे असते, हे मी समजू शकतो. बांधावरून काढा. विचारलेत तर हुरड्याच्या दिवसांत आगटीपाशी बोलावूनही घेऊ.

संगमावरचा

आपण सर्व माचणूरचे कौतुक करत आहात, पण हत्तरसंग कुडल का नाही? तेथे भीमा आणि सीना यांचा प्रत्यक्ष संगम आहे, संगमेश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि त्याच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे, ज्याचा शेवट जो वाचील तो विजयी होईल अशा अर्थाच्या मराठी वाक्याने होतो. चालण्याच्या फेरीला याहून चांगला शेवट कोणता?

काळी माती

कुडलला मी अनेकदा गेलो आहे आणि पुन्हा जाईन. परंतु ते पाहण्याचे ठिकाण आहे, चालण्याचे नाही. तो लेख, ते मंदिर, शेजारचे हरिहरेश्वर आणि तेथले असंख्य मुखांचे शिवलिंग यांना निवांत अर्धा दिवस द्यावा लागतो. तेथे पोहोचल्यावर पाय आपोआप थांबतात. शिवाय पाण्याचा हिशेब तेथे दुप्पट कठीण आहे. पाणकावळा यांनी सांगितलेला बोगदा, जो माचणूरला विसरता येतो, तो कुडलला लक्षात ठेवावा लागतो, कारण तेथे दोन्ही नद्या येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला तेव्हा ही नदी काय करू शकते हे आपण सर्वांनी पाहिले. आणि हो, माचणूरला जातानाही तिऱ्ह्याला सीना ओलांडावी लागते, हे मी मूळ लेखात सहज लिहून गेलो. सीनेला पूर असेल तर भीमेचे पाणी किती, हा प्रश्नच उरत नाही.

कुडलसाठी वेगळा धागा काढावा, मी तेथे अवश्य लिहीन.

अनवाणी

सापांविषयी कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. आपल्या भागात घोणस आणि फुरसे दोन्ही आहेत. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार करते. फुरसे अंग अंगावर घासून करकर आवाज काढते, आणि ते इतके लहान असते की दगडाच्या फटीत सहज दिसत नाही. किल्ल्याच्या पडक्या तटात हात घालू नये आणि बसण्याआधी दगड काठीने ठोकावा. बाकी ते आपल्या वाटेला जात नाहीत.

गुडघे आणि मी

सर्वांचे आभार. काल आईला घेऊन जाऊन आलो, म्हणून अहवाल देतो.

निघण्याआधी बातम्या पाहिल्या होत्या. नदीत विसर्ग नव्हता, वीजनिर्मिती बंद होती. तरीही जटाशंकराच्या देवळाभोवती पाणी होते, फार नाही, परंतु कोरड्या पायाने जाता येणार नाही इतके. ऐलतीर यांच्यासारखेच एक शेतकरी काठावर भेटले. त्यांनी सांगितले की खालच्या बंधाऱ्यात पाणी अडवलेले आहे आणि त्याची फुगी येथवर आली आहे. म्हणजे पाणी वरून आले नव्हते, खालून थांबले होते. पाणकावळा यांनी त्यांच्या यादीत हेही घालावे.

नियमाप्रमाणे आम्ही बाभळीतूनच परतलो. आईला त्याचे वाईट वाटले नाही. देशी बाभळीखाली पडलेल्या शेंगा तिने ओच्यात गोळा केल्या, लहानपणी शेळ्यांसाठी ती असेच करत असे म्हणाली, आणि आता शेळ्या नाहीत हे लक्षात आल्यावर त्या तिथेच एका कळपापुढे ओतल्या. नंतर देवळातून घाटावर आलो. वरून चौथ्या पायरीवर ती बसली, खाली उतरली नाही. कवड्या धीवर तीनदा पाण्यात पडला, दोनदा रिकामा वर आला.

संक्रांतीनंतर पुन्हा जाणार आहोत. बंधाऱ्याचे बर्गे साधारण कधी काढतात, हे ऐलतीर यांनी सांगितले तर बरे होईल.

ऐलतीर

तारीख ठरलेली नसते, पाणी आणि पिके पाहून ठरते. निघण्याच्या आदल्या दिवशी येथेच विचारा, संध्याकाळी काठावर जाऊन पाहून सांगतो.